वायफाय बंद पडतं तेव्हा आधी वही उघडा

विषयाचं नाव ऐकून लगेच रेडिओचा कान पिळू नका. आज मी राउटरबद्दल बोलणार आहे. राउटर म्हणजे ती भिंतीवरची दोन-चार शिंगांची पेटी. लुकलुकली तर आपलं काम चालतं, आणि रुसली तर अर्धं ढाणकी गाव आमच्या केंद्रासमोर उभं राहतं.

हा विषय पोरांचा आहे, गेम खेळणाऱ्यांचा आहे, असं पुष्कळ जणींना वाटतं. मला तसं वाटत नाही. आमच्या केंद्रात बँक सखी अंगठ्याच्या मशीनवर पैसे काढून देते. गटांच्या बैठकीच्या नोंदी मोबाइलवर चढवल्या जातात. लाडक्या बहिणीची ई-केवायसी करायला बायका वावरातून थेट येतात, त्या दिवसाची मजुरी बुडवून. निराधारचे पंधराशे रुपये काढायला आलेल्या एका मावशीनं अंगठा लावला, खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला, आणि मशीनवर मात्र ते गोल चक्र फिरत राहिलं. हातात पैसे नाहीत, खात्यातही नाहीत. मावशी ओट्यावर बसून राहिल्या. तेव्हा राउटर हा आपला विषय आहे.

अशा अडकलेल्या पैशांचा नियम आधीच सांगते, म्हणजे ज्यांना पुढचं ऐकायला वेळ नाही त्यांना एवढं तरी मिळेल. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. आधारच्या अंगठ्यानं केलेल्या व्यवहारात खात्यातून पैसे कापले गेले आणि मशीनवर व्यवहार पुरा झाल्याची खूण आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे परत वळवायला हवेत. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही न मागता. तक्रार आधी आपल्या बँकेकडे लेखी द्यायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ या नंबरवर मिळते. मशीनमधून निघालेली पावती, अर्धवट असली तरी, फेकू नका.

आता पेटीकडे येऊ. राउटर हा खरं तर डब्याएवढा कॉम्प्युटरच असतो. त्याला आपलं डोकं असतं, थोडी आठवण असते, आणि काम कसं करायचं हे सांगणारी एक प्रणाली आत भरलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. कंपनी ती भरून देते. पण तीन-चार वर्षं गेली की कंपनी त्या मॉडेलकडे पाहायचं सोडून देते. दुरुस्त्या येत नाहीत, आणि चोरांना दार उघडं मिळतं. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा व्हायरस उघडकीला आला, तेव्हा ५४ देशांतली किमान पाच लाख उपकरणं, बहुतेक घरातले आणि छोट्या दुकानांतले राउटर, त्याच्या तावडीत सापडली होती. अंगठे आणि आधार नंबर ज्या पेटीतून जातात ती पेटी अशी बेवारशी ठेवणं मला पटत नाही.

यावर उपाय म्हणून जगभरातल्या हौशी आणि जाणकार लोकांनी मिळून तयार केलेली, फुकट आणि खुली फर्मवेअर आहे. नाव ओपनडब्ल्यूआरटी. हे विचित्र नाव एका राउटरवरून आलं. लिंकसिस कंपनीनं २००२ च्या शेवटी डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. त्याच्या आत लिनक्स ही खुली प्रणाली वापरलेली आहे, हे लोकांच्या लक्षात आलं. खुल्या प्रणालीचा परवाना असं सांगतो की तुम्ही ती वापरून माल विकलात तर तुमची त्यातली भरही सगळ्यांना दाखवली पाहिजे. लोकांनी आग्रह धरला, २००३ मध्ये कंपनीनं ती भर खुली केली, आणि २००४ पासून त्यातून ही प्रणाली उभी राहिली. आपल्याकडे एकीनं लोणच्याची कृती शेजारणीला दिली, तिनं सुधारून तिसरीला दिली, तसंच हे. फरक एवढाच की इथे कृती लपवायला बंदी आहे.

आपल्या महाराष्ट्रातही हिचा उपयोग झालेला आहे, आणि तोही खेड्यांसाठी. पालघर भागातल्या खामलोली, ढुकटण आणि आजूबाजूच्या गावांत मुंबईच्या आयआयटीनं ग्राममार्ग नावाचा प्रकल्प केला. प्राध्यापक अभय करंदीकर त्याचे प्रमुख होते. पूर्वी दूरदर्शनसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झच्या लहरी देशात बहुतेक ठिकाणी रिकाम्या पडून होत्या. या लहरी झाडाझुडपांतून दूरवर जातात. त्यांच्यावरून गावापर्यंत इंटरनेट आणायचं आणि गावात वायफायनं वाटायचं, असा तो प्रयोग. त्यासाठी आयआयटीनं स्वतः जुळवलेल्या यंत्रात हीच ओपनडब्ल्यूआरटी होती. २०१७ साली मोझिला संस्थेच्या स्पर्धेत या कामाला पारितोषिक मिळालं. मला त्यातला आवडलेला भाग वेगळाच आहे. पुढच्या टप्प्यात त्यांनी पंचायतीला भागीदार केलं आणि गावातल्याच तरुणांकडे जाळ्याची देखभाल दिली. कारण यंत्र बंद पडलं की मुंबईहून माणूस येईपर्यंत कोण थांबणार?

आमच्याकडे हा माणूस म्हणजे गटाच्या अध्यक्षबाईंची मुलगी. पुसदला डिप्लोमा करते. सुट्टीत आली, केंद्रातला जुना राउटर तिनं पाहिला, तळाशी चिकटवलेल्या कागदावरचं मॉडेल आणि त्यापुढचा आवृत्तीचा नंबर तपासला, आणि ओपनडब्ल्यूआरटी भरली. आठवडाभर सगळं छान. मग बंद पडायला लागलं. दिवसातून दोनदा, कधी चारदा. तुम्हाला माहीतच आहे पुढे काय झालं असेल. "त्या पोरीनंच खोलून बिघडवलं ना मशीन!" असं एकीनं म्हटलं आणि दुसरीनं मान हलवली. गटाच्या बैठकीत ठराव यायची वेळ आली की राउटर भंगारात द्या, नवा घ्या, आणि पैसे अध्यक्षबाईंच्या घरून घ्या. पोरगी रडकुंडीला आली होती. एखाद्या मुलानं हे केलं असतं तर "शिकतो आहे पोरगा" म्हणाले असते, हे मी त्याच बैठकीत बोलले, आणि आजही बोलते.

पण नुसतं बोलून राउटर सुरू होत नाही. आपल्या गटांना एक गोष्ट चांगली येते, ती म्हणजे वही ठेवणं. म्हणून मी म्हटलं, दहा दिवस वही ठेवू, मग ठराव करू. रकाने आखले. तारीख, वेळ, काय बंद झालं, पेटीवरचे कोणते दिवे लागलेले, त्या वेळी केंद्रात कोण काय करत होतं, आणि अपटाइम. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा. ओपनडब्ल्यूआरटीच्या पानावर राउटर शेवटचा सुरू झाल्यापासून किती वेळ चालू आहे हे दिसतं. तेच अपटाइम. इंटरनेट गेलं आणि अपटाइम तीन दिवस दाखवतो आहे, तर राउटर जागाच आहे, दुखणं दुसरीकडे आहे. अपटाइम दोन मिनिटं दाखवतो आहे, तर तो मधेच मरून पुन्हा जिवंत झाला. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी.

एक सक्त नियमही केला: पाहिल्याशिवाय बटण बंद-चालू करायचं नाही. या प्रणालीत राउटर आपली दिनचर्या लिहून ठेवतो, कोण जोडलं, काय अडलं, सगळं. पण ती त्याच्या तात्पुरत्या आठवणीत असते. वीज तोडली की सगळं पुसलं जातं. आपण घाईनं प्लग ओढतो तेव्हा पुरावाच जाळतो. मुलीनं पुढे ही दिनचर्या केंद्रातल्या कॉम्प्युटरवर पाठवायची सोय केली, म्हणजे राउटर मेला तरी वही उरते.

दहा दिवसांत चौदा नोंदी झाल्या. त्यातल्या आठ वेळा अपटाइम शून्यावर आलेला. आता गंमत ऐका. केंद्राच्या पलीकडच्या खोलीत आमच्याच गटाची डाळ मिल आहे. तिचीही वही असते, कोणाची तूर किती वाजता लावली याची. ती चालवणाऱ्या काकूंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि बोट फिरवलं. आठच्या आठ वेळा मिलची मोटर सुरू झाली त्याच मिनिटाला राउटर मेला होता!

मोटर सुरू होताना क्षणभर खूप वीज ओढते, व्होल्टेज खाली जातं, बल्ब मिणमिणतो. चांगला अडॅप्टर तेवढा धक्का सोसतो. आमचा मूळचा अडॅप्टर पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हा जळाला होता आणि त्याच्या जागी बाजारातला स्वस्त लावला होता. राउटरच्या तळाशी लिहिलेलं १२ व्होल्ट, २ अँपिअर. नव्यावर १२ व्होल्ट, १ अँपिअर. पिन बसली म्हणून लावला. व्होल्ट तेवढेच हवेत, आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. कमी असतील तर वायफायवर गर्दी झाली की पेटीला पुरत नाही, आणि वर मोटरचा झटका बसला की ती मान टाकते. फर्मवेअरचा यात काही संबंध नव्हता. फक्त दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात झाल्या होत्या. योग्य अडॅप्टर आणला, राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस हजार-दीड हजारात घेतला, आणि मिलच्या बोर्डावरून वायर काढून दुसरीकडून घेतली.

तरी सहा नोंदी उरल्या. मुलीवरचा आळ अर्धाच गेला होता, आणि तिनंच सांगितलं की उरलेलंही शोधू. यातल्या तीन नोंदींत लक्षण असं की मोबाइलवर वायफायच्या सगळ्या दांड्या, अपटाइम दोन-तीन दिवसांचा, आणि एकही पान उघडत नाही. इथे मात्र दोष आत भरलेल्या गोष्टीचाच निघाला. तिनं जाहिराती अडवणारी एक जोडप्रणाली टाकली होती. चांगल्या हेतूनं. पण तिची यादी लाखभर नावांची, आणि आमच्या पेटीची आठवण फक्त ६४ एमबी. आठवण भरली की राउटर स्वतःच्याच एका कामगाराला हाकलतो. हाकलला गेला तो नेमका पत्ते शोधून देणारा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा नंबर काढणारा. पोस्टमन हजर, पण पत्ता वाचणारा घरी गेलेला. दिनचर्येत तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. जोडप्रणाली काढली, दुखणं गेलं.

म्हणून ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी ऐका. ओपनडब्ल्यूआरटीवाले स्वतःच सांगतात की ज्या राउटरमध्ये साठवण ४ एमबी आणि आठवण ३२ एमबी आहे त्याच्या वाटेला जाऊ नका. ८ आणि ६४ ही किमान पायरी, आणि माझ्या मते ६४ लाही पोटापुरतंच वाढावं. १२८ किंवा त्याहून जास्त असेल तर निवांत.

उरलेल्या तीन नोंदी सगळ्यात त्रासाच्या. कारण काहीच बंद नव्हतं. राउटर जिवंत, पानं उघडतात, पण अंगठ्याचा व्यवहार अर्ध्यात तुटतो. मावशींचे पंधराशे याच प्रकारात अडकले. वहीचा "कोण काय करत होतं" हा रकाना इथे कामाला आला. तिन्ही वेळा शेजारच्या टेबलावरून कोणीतरी फोटो किंवा व्हिडिओ चढवत होतं.

सीसीआयच्या कापूस खरेदीची रांग डोळ्यासमोर आणा. पुढे दहा ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून उभ्या, आणि मागे एक बाई डोक्यावर एक गाठोडं घेऊन. तिचं वजन व्हायला दोन मिनिटं लागतात, पण ती दहा ट्रॉल्यांच्या मागे आहे. इंटरनेटच्या तारेतही असंच होतं. व्हिडिओ म्हणजे ट्रॉल्या, अंगठ्याचा व्यवहार म्हणजे गाठोडं. गाठोडं वेळेत पोचलं नाही की बँकेचं यंत्र वाट पाहून दार लावतं. याला जाणकार बफरब्लोट म्हणतात, आणि वेग मोजणाऱ्या ॲपच्या वेगाच्या आकड्यात तो दिसत नाही, कारण तो आकडा ट्रॉल्याच मोजतो. खरी परीक्षा अशी: एका फोनवरून मोठा व्हिडिओ पाठवायला लावा आणि त्याच वेळी दुसऱ्यावरून पिंग पाहा. पिंग म्हणजे हाक मारून ओ येईपर्यंतचा वेळ. एरवी वीस-तीस मिलिसेकंद असणारा तो आकडा शेकड्यांत किंवा हजारात गेला, तर तुमच्याकडेही ट्रॉल्यांची रांग आहे.

कंपनीच्या फर्मवेअरमध्ये यावर बहुधा औषध नसतं. ओपनडब्ल्यूआरटीत आहे, एसक्यूएम नावाचं, आणि त्यातली केक नावाची पद्धत. (नाव गोड आहे, मी तर लगेच लक्षात ठेवलं.) ती प्रत्येकाची वेगळी रांग लावते आणि गाठोडंवालीला आधी सोडते. त्यासाठी तारेचा खरा वेग मोजायचा, प्लॅनच्या कागदावरचा नाही, आणि त्याच्या ८५ ते ९५ टक्के एवढाच आकडा राउटरला द्यायचा. चढवण्याचा वेगळा, उतरवण्याचा वेगळा. आमच्याकडे उतरवण्याचा वेग ४६ मिळाला, ४२ लावला. थोडा वेग सोडला म्हणून रांग आपल्या दारात राहते, कंपनीच्या दारात जात नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. जुन्या राउटरचं डोकं हळू असतं, १०० च्या तारेवर हे लावलं तर ते दमून वेगच कमी करेल. आणि फ्लो ऑफलोडिंग नावाची वेग वाढवायची दुसरी सोय असते, ती याच्यासोबत लावू नका. ती रांगेला वळसा घालून माल सोडते, मग एसक्यूएम असून नसल्यासारखं.

त्यानंतर अंगठ्याचे व्यवहार तुटणं थांबलं. मावशींचे पैसे चौथ्या दिवशी खात्यात परत आले.

काही लहान गोष्टी भराभर सांगते. राउटर लोखंडी कपाटावर, टिनाच्या खाली ठेवू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टिनाखाली भाजून निघतं, आणि लोखंड लहरी अडवतं ते वेगळंच. २.४ च्या वायफायला चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो द्या, आणि रुंदी २० ठेवा. बाजारपेठेत ४० ठेवली तर शेजाऱ्यांच्या वायफायशी धक्काबुक्की होते. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान असतं, पण मातीच्या जाड भिंतीपलीकडे जात नाही. देश म्हणून भारतच निवडा. दुसरा देश निवडून ताकद वाढवायचा सल्ला देणारे भेटतील, पण ते बेकायदा आहे आणि बिनकामाचंही. तुम्ही भोंगा लावून वावरापलीकडे ओरडाल, पण पलीकडच्या बाईचा आवाज तुमच्यापर्यंत कसा येणार? मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो.

आणि फर्मवेअर भरताना: मॉडेल आणि आवृत्ती दोन्ही जुळली पाहिजेत, व्ही-२ ची फाइल व्ही-३ ला चालत नाही. तारेनं जोडून भरा, वायफायवरून नाही. लाइट जायची शक्यता असेल तर यूपीएसवर. भरल्यावर बहुतेक वेळा वायफाय बंदच असतं आणि पासवर्ड कोरा असतो, तेव्हा घाबरू नका, पण पासवर्ड लगेच टाका. चालू असलेल्या जुळणीची प्रत आधी उतरवून ठेवा. मात्र मोठ्या आवृत्तीवर जाताना जुनी जुळणी तशीच पुढे नेऊ नका, तिथे पुष्कळ बिघाड होतात. हॉटस्पॉट आणि फायबरची मूळ पेटी इंटरनेट कंपनीच्या मालकीची असेल तर तिला हात लावू नका, आपला स्वतःचा राउटर तिच्या पुढे जोडा. वॉरंटी चालू असलेल्या नव्या पेटीवरही घाई नको.

बिघाड राउटरचा की तारेचा, हे ओळखायचं असेल तर आधी राउटरला पिंग करा, बहुधा १९२.१६८.१.१ हा त्याचा पत्ता असतो, आणि मग बाहेर ८.८.८.८ ला. पहिला ओ देतो आणि दुसरा देत नाही, तर तार किंवा कंपनी. पहिलाच अडखळतो, तर वायफाय किंवा पेटी. ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे आम्ही. तक्रार करताना "नेट चालत नाही" म्हणण्याऐवजी "राउटर ओ देतो, बाहेरचा देत नाही, सकाळी सव्वादहापासून" म्हटलं की फोनवरचा माणूसही जरा सरळ बोलतो, हा अनुभव आहे.

गटाच्या पुढच्या बैठकीत ठराव झाला, पण वेगळा. राउटरच्या देखभालीचं काम त्या मुलीकडे, ती पुसदला असेल तेव्हा डाळ मिलच्या काकूंकडे, आणि यूपीएसचा खर्च गटाच्या खात्यातून. काकूंना अपटाइम पाहता येतो, चॅनेल बदलता येतं, आणि मोटर सुरू करण्याआधी त्या आता बँक सखीला हाक मारतात.

ती वही केंद्रात खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेली आहे. ज्या गटांना रकाने उतरवून घ्यायचे असतील त्यांनी दुपारी यावं, सकाळी अंगठ्याची गर्दी असते. येताना आपल्या राउटरच्या तळाचा आणि अडॅप्टरवरच्या अक्षरांचा मोबाइलवर फोटो काढून आणा.